पत्ता की चरित्र?

साशंक : एनजीसी ४९९३ या दीर्घिकेची मूलभूत माहिती एका तक्त्यात मावते. तारकासमूह वासुकी. प्रकार भिंगाकार. अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं. दूर जाण्याचा वेग सेकंदाला तीन हजार किलोमीटरच्या आसपास. ताऱ्यांचं एकूण वस्तुमान काही हजार कोटी सूर्यांइतकं. असे तक्ते लाखो दीर्घिकांचे आहेत आणि ते भरणाऱ्यांच्या चिकाटीबद्दल मला आदरच आहे. माझी शंका वेगळी आहे. या दीर्घिकेतला साधा सूर्यासारखा एक तारासुद्धा आपल्याला सुटा दिसत नाही. दिसतो तो उजेडाचा एक लांबट डाग. त्या डागावरून आपण तिचं वय सांगतो, तिनं कधीकाळी दुसरी दीर्घिका गिळली असंही सांगतो, आणि मध्यभागी दहा कोटी सूर्यांच्या तोडीचं कृष्णविवर आहे म्हणून आकडाही देतो. यातलं किती त्या दीर्घिकेचं आणि किती आपल्या गृहीतकांचं? ड्रायरच्या १८८८च्या एनजीसी यादीत हीच दीर्घिका दोनदा आली आहे, एकदा ४९९३ या क्रमांकानं आणि एकदा ४९९४ या क्रमांकानं. एक की दोन एवढ्या साध्या प्रश्नावर जिथे घोटाळा झाला, तिथे तिच्या चरित्रावर विश्वास कसा ठेवायचा?

हौशी : दोन क्रमांकांचा घोटाळा झाला हे खरं, पण तो उघडकीला कसा आला तेही बघा. दोन नोंदींच्या जागा नीट मोजल्या तेव्हा त्या एकाच जागेच्या निघाल्या. म्हणजे मोजणीतली चूक जास्त चांगल्या मोजणीनंच पकडली. तुमचा मोठा प्रश्न मात्र मी टाळणार नाही. आधी ती काय आहे ते सांगतो, मग त्यातलं काय प्रत्यक्ष पाहिलेलं आणि काय अनुमानानं काढलेलं ते वेगळं करू.

वैशाखात रात्री नऊ-साडेनऊला दक्षिणेकडे पाहिलं की हस्ताचा चौकोन दिसतो, त्याच्या पूर्वेला वर ठळक चित्रा. चित्रेच्या बरंच खाली वासुकीची शेपटी पसरलेली आहे, तिथे ही दीर्घिका आहे. नुसत्या डोळ्यांना अर्थातच दिसत नाही. विल्यम हर्षलनं २६ मार्च १७८९ रोजी इंग्लंडमधून ती प्रथम नोंदवली. तेव्हा दीर्घिका म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

आपल्या आकाशगंगेला तबकडी आहे, मध्ये फुगवटा आहे, आणि तबकडीत सर्पिल बाहू आहेत. बाहूंमध्ये वायू आणि धूळ साठलेली, त्यातून नवे तारे जन्मत असतात. भिंगाकार दीर्घिकेत तबकडी असते, फुगवटा तर चांगलाच भरदार असतो, पण बाहू नसतात आणि थंड वायू फारच थोडा. वायू नाही म्हणून नवे तारे नाहीत. मोठे निळे तारे काही कोटी वर्षांत संपून जातात. ते संपले आणि त्यांच्या जागी नवे आले नाहीत की उरतो तो पिवळसर-तांबूस उजेड, दीर्घायुषी छोट्या ताऱ्यांचा आणि म्हाताऱ्या लाल राक्षसी ताऱ्यांचा. एनजीसी ४९९३ची स्थिती हीच आहे. आपल्या आकाशगंगेत वर्षाकाठी एक-दोन सूर्यांच्या वजनाचे नवे तारे घडतात. हिच्यात ते प्रमाण सूर्याच्या शंभराव्या हिश्शाएवढं असावं. तिच्या एकूण उजेडात ५० कोटी वर्षांपेक्षा तरुण ताऱ्यांचा वाटा एक टक्काही नाही.

साशंक : "असावं" म्हणालात ते बरं केलंत. कारण म्हातारा तारा आणि धातू जास्त असलेला तरुण तारा, दोघेही लालसरच दिसतात. नुसत्या रंगावरून वय काढलं तर अब्जावधी वर्षांची गफलत सहज होईल. आणि कृष्णविवराचा आकडा तर त्याहूनही उसना आहे. त्याच्याभोवती फिरणारा एकही तारा कुणी पाहिलेला नाही. मधल्या भागातल्या ताऱ्यांच्या वेगांत किती फरक आहे तो मोजला, जवळच्या दीर्घिकांमध्ये वेगांचा हा विखुरलेपणा आणि कृष्णविवराचं वजन यांचं जे नातं सापडलं होतं ते इथे लावलं, आणि आला आकडा. हे शेजाऱ्यांवरून केलेलं अनुमान आहे. तक्त्यात मात्र ते अंतराच्या आणि वेगाच्या शेजारी तितक्याच ठसठशीत टायपात छापलेलं असतं.

हौशी : कृष्णविवराबद्दल तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. तक्त्यातल्या सगळ्या ओळी एकाच पायरीवरच्या नसतात आणि तसं लिहायला हवं. वेग ही खालची, पक्की पायरी. वर्णपटातल्या ओळखीच्या रेषा लाल बाजूला एक टक्क्याच्या किंचित आत सरकलेल्या आहेत, हे कुणीही पुन्हा मोजून पाहावं. वयाची पायरी त्याच्या वर. तिथे रंगाइतकाच भरवसा हायड्रोजनच्या शोषणरेषांवर ठेवतात, कारण धातूंच्या प्रमाणापेक्षा ताऱ्यांच्या तापमानाचा त्यांच्यावर जास्त परिणाम होतो. रंग आणि रेषा एकत्र वाचल्या की तुमची गफलत बरीच कमी होते, संपत नाही. कृष्णविवर आणखी वरच्या पायरीवर. त्याच्या नेमक्या वजनावर मी काहीच उभं करणार नाही.

पण ही दीर्घिका महत्त्वाची का झाली ते आता आलं पाहिजे. १७ ऑगस्ट २०१७, आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटं. अमेरिकेतल्या लायगोच्या उपकरणांत सुमारे शंभर सेकंद चाललेली गुरुत्वीय लहर उमटली. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती घिरट्या घालत एकमेकांवर आदळले होते. लहर संपल्यावर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहानं गॅमा किरणांची झळक टिपली. इटलीतल्या व्हर्गो यंत्रात संकेत अगदी क्षीण होता आणि त्या क्षीणपणामुळेच दिशा आवळता आली, कारण ज्या दिशांना व्हर्गो जवळजवळ आंधळं असतं त्यांपैकीच एका दिशेनं लहर आली असली पाहिजे. तरीही शोधायचं क्षेत्र २८ चौरस अंश उरलं, म्हणजे शंभराहून जास्त पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढं. त्यात भर म्हणजे ऑगस्टमध्ये वासुकीची शेपटी सूर्याजवळ असते. मावळतीनंतर ती थोडाच वेळ नीट पाहता येते.

चिलीमधल्या लास कॅम्पानास वेधशाळेतल्या एक मीटरच्या स्वोप दुर्बिणीवर काम करणाऱ्या गटानं सबंध क्षेत्र चाळत बसण्याऐवजी यादी काढली. लहरींवरून अंतराचा अंदाज होता. त्या अंतरावर, त्या दिशेला कोणत्या दीर्घिका आहेत? त्यांतल्या भरपूर तारे असलेल्या कोणत्या? तुम्ही ज्या तक्त्यांबद्दल शंका घेताय त्याच तक्त्यांतून ही यादी निघाली. एकेका दीर्घिकेचे फोटो घेत गेले आणि टक्कर झाल्यावर अकरा तासांच्या आत एनजीसी ४९९३च्या मध्यापासून थोडं बाजूला, पूर्वी नसलेला एक ठिपका सापडला. अंतर, दिशा आणि तेजस्विता या तीन रुक्ष रकान्यांवर तो शोध उभा आहे.

साशंक : शोध थरारक आहे, पण तुम्ही माझ्याच म्हणण्याला बळ दिलंत. यात दीर्घिका आली ती पत्ता म्हणून. घटना न्यूट्रॉन ताऱ्यांची, लहर त्यांची, उजेड त्यांचा. त्या ठिपक्याच्या उजेडात पुढे स्ट्राँशियमसारखी जड मूलद्रव्यं ओळखली गेली, तीही त्या ताऱ्यांच्या राखेतली. दीर्घिका नुसती मागे उभी आहे. शेजारच्या सर्पिल दीर्घिकेत हेच घडलं असतं तर आज आपण तिचा तक्ता चर्चेला घेतला असता आणि एनजीसी ४९९३ लाखो अनाम नोंदींत पडून राहिली असती. आणि तक्त्यातल्या त्या "प्रकार" रकान्याचं काय? याच दीर्घिकेला काही शोधनिबंध लंबवर्तुळाकार म्हणतात, काही भिंगाकार. डोळ्यांनी पाहून नाव देण्याची ही पद्धत. एकाला फुगवटा दिसतो, दुसऱ्याला फुगवट्याभोवती पुसट तबकडी.

हौशी : प्रकाराचा वाद जुना आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. एडविन हबलनं १९३६ साली लंबवर्तुळाकार आणि सर्पिल या दोन गटांच्या मधोमध "एस-शून्य" नावाचा रकाना ठेवला, तेव्हा तो जवळजवळ कल्पनेनंच ठेवला होता. दोन टोकांना जोडणारं काहीतरी असलं पाहिजे, एवढ्या भरवशावर. पुढे खरोखरच तशा दीर्घिका ढिगानं सापडल्या, विशेषतः दीर्घिकांच्या दाट समूहांमध्ये. मग त्यांचा अर्थ काय लावायचा यावर मतं फुटली. १९५१ मध्ये स्पिट्झर आणि बाडे म्हणाले, दाट समूहांत दीर्घिका एकमेकींतून आरपार जातात, त्यात वायू झडून जातो आणि सर्पिलाची भिंगाकार होते. १९७२ मध्ये गन आणि गॉट यांनी दाखवलं की टक्करही लागत नाही, समूहात भरलेल्या तप्त वायूतून दीर्घिका वेगानं जात असेल तर तो वाराच तिचा वायू ओरबाडून नेईल. १९७६ मध्ये व्हॅन डेन बर्ग यांनी सुचवलं की भिंगाकार दीर्घिकांना मधल्या रकान्यात कोंबणंच चूक, त्यांची सर्पिलांना समांतर अशी स्वतंत्र रांग आहे.

डोळ्यांवरची भिस्त अलीकडे बरीच कमी झाली आहे. दीर्घिकेच्या प्रत्येक भागाचा वर्णपट घेतला की कुठला भाग आपल्याकडे येतोय आणि कुठला दूर जातोय ते दिसतं. अॅटलास-थ्रीडी या प्रकल्पानं जवळच्या २६० लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार दीर्घिका अशा तपासल्या. त्यांतल्या ८६ टक्के व्यवस्थित गरगर फिरणाऱ्या निघाल्या. डोळ्यांनी ज्यांना लंबवर्तुळाकार म्हटलं होतं त्यांतल्याही दोनतृतीयांश तशाच निघाल्या, म्हणजे त्यांच्यात तबकडी दडलेली होती. तेव्हा एनजीसी ४९९३ला कुणी काय म्हणतं याला मी फारसं महत्त्व देत नाही. ती फिरते का, तिच्यात वायू किती, तारे किती जुने, हे प्रश्न नावापेक्षा मोठे आहेत.

साशंक : म्हणजे तक्त्यातली सर्वांत ठळक ओळ तुम्हीच सोडून दिलीत. आणि त्याहून गंभीर गोष्ट तुमच्या इतिहासातूनच पुढे येते. भिंगाकार होण्याच्या वाटा अनेक आहेत. वाऱ्यानं वायू गेला तरी भिंगाकार, दोन दीर्घिका मिसळल्या तरी भिंगाकार, वायू आपोआप संपत गेला तरी भिंगाकारच. निरनिराळ्या वाटांनी एकाच रूपाला पोहोचलेल्यांना एका नावाखाली ठेवलं, तर त्या नावावरून भूतकाळ कसा वाचणार?

हौशी : नुसत्या नावावरून वाचता येत नाही, हे अगदी मान्य. पण रूप खरोखरच एक आहे का? अजित केंभावी, योगेश वाडदेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या पुण्याशी घट्ट जोडलेल्या गटानं, २००७ साली याच प्रश्नाला हात घातला. त्यांनी भिंगाकार दीर्घिकांच्या अवरक्त प्रतिमांमध्ये फुगवट्याचा आकार आणि तबकडीचा आकार वेगवेगळा मोजला. मंद दीर्घिकांमध्ये तबकडी मोठी तर फुगवटाही मोठा, असं नातं निघालं. सर्पिलाचा वायू झडून ती घडली असेल तर अशी जोडी अपेक्षितच आहे. तेजस्वी भिंगाकार दीर्घिकांमध्ये नातं नेमकं उलटं निघालं. फुगवटा मोठा तिथे तबकडी लहान. त्यांची घडण फार आधी, झपाट्यानं आणि वेगळ्या तऱ्हेनं झाली असावी. मला हे काम फार मोलाचं वाटतं. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या घराण्यात निदान दोन वंश आहेत, हे त्यांनी साध्या मोजपट्टीनं दाखवलं.

आता एनजीसी ४९९३कडे. हिच्या बाबतीत रूपाच्या पलीकडचा एक पुरावा आहे. हबल दुर्बिणीच्या खोल प्रतिमांमधून दीर्घिकेचा गुळगुळीत उजेड वजा केला की भोवती कमानी उरतात, एकीबाहेर एक अशी अर्धवट कवचं. मध्यभागाजवळ धुळीचे पट्टेही दिसतात, आणि अशा म्हाताऱ्या दीर्घिकेत धूळ आपोआप साठत नाही. कवचं कशी होतात ते समजून घ्या. छोटी दीर्घिका मोठीत जवळजवळ सरळ रेषेत कोसळते. तिचे तारे विस्कटतात, मध्यातून आरपार जातात, पलीकडे वर चढतात, वेग संपतो, क्षणभर थबकतात आणि पुन्हा आत कोसळतात. जिथे थबकतात तिथे दाटी होते आणि ती दाटी कवचासारखी दिसते. कमी ऊर्जेचे तारे लवकर परततात, जास्त ऊर्जेचे उशिरा. म्हणून एकामागून एक कवचं तयार होतात आणि बाहेर सरकत जातात. सर्वांत बाहेरचं कवच कुठवर पोहोचलंय ते मोजलं आणि दीर्घिकेचं गुरुत्वाकर्षण माहीत असलं, तर घटना किती जुनी ते काढता येतं. इथे उत्तर सुमारे ४० कोटी वर्षं असं येतं. ही मांडणी कुठल्या शेजाऱ्यावरून उसनी घेतलेली नाही. तारा वर जातो, थांबतो, खाली येतो, एवढ्या यांत्रिकीवर ती उभी आहे.

साशंक : कवचांचं मला पटलं. तिनं दुसरी दीर्घिका गिळली हे मी मान्य करतो, आणि मघाशी "नुसता पत्ता" म्हणालो ते तेवढ्यापुरतं मागे घेतो. पण आता तुमची पुढची उडी मला दिसते आहे. दीर्घिका गिळली, म्हणून उलथापालथ झाली, म्हणून ते दोन न्यूट्रॉन तारे एकत्र आले. अशी मांडणी २०१७ मध्येच झालीही होती. दोन घटना एका ठिकाणी दिसल्या की त्यांत कार्यकारणभाव लावायचा, ही आपली फार जुनी खोड आहे.

हौशी : ती उडी मी मारत नाही. विलीनीकरणातून तारे घडायला वायू लागतो. पण ५० कोटी वर्षांपेक्षा तरुण ताऱ्यांचा हिस्सा एक टक्क्याहून कमी, म्हणजे त्या गिळण्यातून नवी पिढी जन्मलीच नाही म्हटलं तरी चालेल. न्यूट्रॉन तारा हा मोठ्या ताऱ्याच्या मरणातून होतो. नवे मोठे तारे नाहीत, तर ताज्या विलीनीकरणातून जन्मलेली जोडी असण्याची शक्यता फार थोडी. दुसरी शक्यता अशी की ताऱ्यांच्या एखाद्या गच्च गुच्छात सुटे न्यूट्रॉन तारे गाठ पडून जोडीला लागले. ठिपका विझल्यावर हबलनं त्या जागी बारकाईनं पाहिलं, तसा तेजस्वी गुच्छ मिळाला नाही. उरते तिसरी शक्यता. दोघे जन्मापासून एकत्र, अब्जावधी वर्षांपूर्वी मेलेले, आणि तेव्हापासून गुरुत्वीय लहरींतून थेंबाथेंबानं ऊर्जा घालवत जवळ येत राहिलेले. १९७४ साली हल्स आणि टेलर यांना सापडलेली न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी आजपासून सुमारे ३० कोटी वर्षांनी आदळणार आहे. जरा दूर अंतरावर जन्मलेल्या जोडीला हजार कोटी वर्षंही लागू शकतात. माझा कल या तिसऱ्या शक्यतेकडे आहे.

साशंक : मग एक आकडा मी पुढे ठेवतो. गॅमा किरणांच्या अल्पकालीन स्फोटांमागे अशाच टकरी असतात असं तुम्हीच मानता. २०२२ मध्ये अशा स्फोटांच्या ६९ यजमान दीर्घिका एकत्र तपासल्या गेल्या. सुमारे ८४ टक्के दीर्घिकांमध्ये तारे अजून जन्मत होते. शांत, थंडावलेल्या होत्या त्या दहा टक्के. म्हणजे तुमची एनजीसी ४९९३ या बिरादरीत अपवाद आहे. अपवादावर सिद्धान्त बांधायचा?

हौशी : नाही, पण ८४ टक्के हा आकडाही तसाच घेऊ नका. ते स्फोट आपल्याला अब्जावधी प्रकाशवर्षांवरून दिसतात, म्हणजे विश्व तरुण असतानाचे. तेव्हा थंडावलेल्या दीर्घिका आजच्यापेक्षा कमी होत्या. शिवाय टकरीतून सुटणारा झोत आपल्या रोखानं असला तरच तो स्फोट दिसतो. २०१७चा झोत बाजूला वळलेला होता, १३ कोटी प्रकाशवर्षांवर असूनही गॅमा झळक क्षीण होती. दहापट दूर असता तर ती आपल्या लक्षातही आली नसती. दोन याद्यांच्या निवडीच वेगळ्या आहेत.

पण यातून माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न निघतो. टकरींचं प्रमाण कशावर ठरतं? दीर्घिकेत एकूण तारे किती आहेत यावर, की आत्ता किती जन्मत आहेत यावर? जोड्या लवकर आदळत असतील तर टकरी जन्मदराच्या मागे जातील आणि सर्पिल दीर्घिकांत जास्त दिसतील. उशिरा आदळत असतील तर ताऱ्यांच्या साठ्याच्या मागे जातील आणि भिंगाकार, लंबवर्तुळाकार दीर्घिकांना त्यांचा न्याय्य वाटा मिळेल. सर्पिल दीर्घिकेत टक्कर झाली तर जोडी जुनी की नवी हे सांगणं कठीण, कारण तिथे दोन्ही पिढ्या मिसळलेल्या असतात. भिंगाकार दीर्घिकेत नवी पिढीच नाही. म्हणून तिथली प्रत्येक टक्कर म्हणजे उशिरा आदळलेल्या जोडीची साक्ष. तिचा तो रुक्ष थंडावलेपणा इथे उपयोगी पडतो.

अंतराच्या बाबतीतही तसंच. खळ्यावरची ज्वारीची रास जवळून पाहिली तर दाणा न् दाणा वेगळा दिसतो, शेताच्या बांधावरून पाहिली तर गुळगुळीत ढीग. दीर्घिकेच्या प्रतिमेत रवाळी किती उरली आहे ते मोजून अंतर काढण्याची एक पद्धत आहे. बाहू, धूळ, निळ्या ताऱ्यांचे पुंजके असले की ती रवाळी बिघडते. जुन्या ताऱ्यांच्या गुळगुळीत दीर्घिकेत ती स्वच्छ मोजता येते. २०१८ मध्ये एनजीसी ४९९३चं अंतर असं काढलं, ४०.७ मेगापार्सेक, म्हणजे १३ कोटींहून थोडी जास्त प्रकाशवर्षं. सह्याद्रीचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. तो प्रकाश निघाला तेव्हा या कातळाचा लाव्हा ओतला जायला अजून तेवढाच काळ बाकी होता.

साशंक : अंतर हा तर तुमचा हुकमी पत्ता असणार, कारण त्यावर विश्वाच्या प्रसरणाचा दर बेतलेला आहे. तिथेही मला अडखळायला होतं. लहरींच्या तीव्रतेवरून अंतर, दीर्घिकेच्या वर्णपटावरून वेग, भागाकार केला की हबल स्थिरांक. २०१७ मध्ये उत्तर आलं ७०, वर १२ आणि खाली ८ची मोकळीक ठेवून. जुना तंटा आहे तो ६७ आणि ७३ यांच्यातला. दोन्ही बाजू या मोकळीकीत आरामात बसतात. त्यातही वेगाचा आकडा तुम्ही मघाशी "पक्की पायरी" म्हणालात. तो मोजलेला पक्का असेल, पण त्यातला प्रसरणाचा भाग कुठला? शेजारच्या दीर्घिकांचं गुरुत्वाकर्षण तिला ओढतंय. तिच्या गटाचा वेग सेकंदाला ३,३२७ किलोमीटर मोजला, त्यातले ३१० शेजाऱ्यांच्या ओढीचे म्हणून वजा केले, ३,०१७ उरले आणि त्यातही १६६ची अनिश्चितता. दहाव्या हिश्शाएवढी दुरुस्ती आजूबाजूच्या वस्तुमानाच्या नकाशावरून करावी लागली. पक्क्या पायरीखालीसुद्धा कुणाचा तरी नकाशा आहे.

हौशी : हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो, कारण तो या कामाच्या आतल्या अडचणीवर बोट ठेवतो. जवळची दीर्घिका असली तर लहर मोठी येते पण शेजाऱ्यांची ओढ वेगात मोठा वाटा घेते. दूरची असली तर ओढ नगण्य होते पण लहर क्षीण होते. तरीही त्या ७०च्या आकड्यात काहीतरी नवं होतं. नेहमीच्या पद्धतीत जवळच्या ताऱ्यांवरून दूरच्या ताऱ्यांवर, त्यांवरून अतिनवताऱ्यांवर अशी शिडी चढावी लागते. इथे शिडी नाही. लहरीचा आकार आणि तीव्रता यांतून अंतर थेट निघतं.

मोकळीक मोठी का होती तेही बघू. दोन ताऱ्यांची कक्षा आपल्याकडे तोंड करून असेल तर लहर जोरकस, आडवी असेल तर क्षीण. म्हणून दूरची समोरासमोर आणि जवळची तिरकी यांत फरक करणं अवघड. तो तिढा सुटला रेडिओ निरीक्षणांतून. ऑगस्टनंतर ती जागा सूर्याआड गेली आणि साध्या दुर्बिणींना महिनोन्महिने पाहता येईना. रेडिओ दुर्बिणी पाहत राहिल्या. अमेरिकेतली व्हीएलए, ऑस्ट्रेलियातली दुर्बीण आणि आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. उजेड विझत चालला असताना रेडिओ ऊर्मी मात्र महिनोन्महिने वाढत राहिली आणि सुमारे पाच महिन्यांनी उतरणीला लागली. कमी कंप्रतेच्या टोकाला काय चाललंय ते खोडदहून दिसत होतं. मग २०१८ मध्ये खंडभर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणी जोडून त्या ठिपक्याचं सरकणं मोजलं गेलं, झोताचा कोन साधारण वीस अंशांच्या आसपास निघाला, आणि २०१९च्या गणितात हबल स्थिरांक ७०.३ आला, दोन्ही बाजूंना पाचाची मोकळीक ठेवून. तंटा मिटला नाही. पण एका दीर्घिकेवरून मोकळीक निम्म्यावर आली, ही थोडी गोष्ट नाही.

साशंक : मला त्यात आणखी एक अडचण दिसते, आणि ती तुमच्या मघाच्या "स्वच्छ साक्षी"ची आहे. तुम्ही म्हणालात, भिंगाकार दीर्घिकेत नवी पिढी नाही, म्हणून तिथली टक्कर जुन्या जोडीची. पण आपल्या हाती जी एकमेव भिंगाकार साक्ष लागली ती नेमकी नुकतीच दुसरीला गिळून बसलेली. त्या गिळलेल्या दीर्घिकेत कधी तारे जन्मत होते, कधी थांबले, हे कोण सांगणार? ती जोडी त्या पाहुणीची असेल तर तिचं वय यजमानाच्या वयावरून काढता येणार नाही. आणि खोल प्रतिमा घेतल्या की अशा कमानी, शेपट्या कितीतरी म्हाताऱ्या दीर्घिकांभोवती सापडतात. तुमची निर्मळ भिंगाकार दीर्घिका मुळात आहे तरी का?

हौशी : कवचं नसलेली भिंगाकार दीर्घिका, आणि तिच्यात टक्कर. तसा एक दाखला मिळाला तर बरंच काही सुटेल, असं मी आजवर मानत आलो आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडियाचं काम चालू आहे, २०२३ मध्ये त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. ते यंत्र चालू झालं की पृथ्वीवरच्या चार-पाच दूरदूरच्या जागांवरून एकच लहर ऐकता येईल आणि दिशेचं क्षेत्र पुष्कळ लहान होईल. मग दाखले एकेक करून जमतील.

साशंक : पण कवचं काही काळानं विरून जातात, हे तुमच्याच यांत्रिकीतून येतं. तारे मिसळत जातात, कमानी पुसट होतात. जोडी मात्र त्याहूनही जास्त काळ घिरट्या घालत राहू शकते. मग कवच न दिसणं म्हणजे पाहुणी कधी आलीच नव्हती असं नव्हे. आणि दाखले जमवून तुम्हाला सरासरी मिळेल. या एका दीर्घिकेतली ही एक जोडी यजमानाची की पाहुणीची, हे सरासरी सांगणार नाही.

हौशी : सरासरी सांगणार नाही, खरं आहे. एक धागा मात्र उरतो. ठिपका मध्यापासून सुमारे सहा-सात हजार प्रकाशवर्षांवर होता, म्हणजे दीर्घिकेच्या भरगच्च भागातच. पाहुणीचे तारे कवचांमध्ये दूरवर पसरलेले आहेत आणि मध्याजवळून फार वेगानं जातात. तिथे ते थोडा वेळच असतात. त्यामुळे मध्याजवळ दिसलेली जोडी यजमानाची असण्याचा संभव जास्त, असं मी म्हणेन.

साशंक : संभव जास्त, एवढंच ना? पण पाहुणीचा गाभा कुठे गेला? छोट्या दीर्घिकेचा गच्च भाग विस्कटायला वेळ लागतो आणि तो मोठीच्या मध्याकडेच बुडत जातो. तिच्या म्हाताऱ्या जोड्या गाभ्यात असतील तर त्या कवचांबरोबर दूर न जाता नेमक्या मध्याजवळच सापडतील. तो गाभा पुरता विस्कटला की अजून थोडा शिल्लक आहे, हे मध्याजवळच्या ताऱ्यांच्या वेगांवरून कुणी वेगळं काढून दाखवलं, तर मी तुमच्या बाजूला येईन.

हौशी : ते वेगळं काढायला मध्यभागाचा ठिकठिकाणचा वर्णपट हवा आणि पाहुणीच्या ताऱ्यांत धातूंचं प्रमाण यजमानापेक्षा पुरेसं कमी हवं. छोट्या दीर्घिकांमध्ये ते सहसा कमी असतं. पण ही पाहुणी किती छोटी होती यावर सगळं अडलं आहे. फार छोटी असेल तर तिच्याकडे अशा जोड्याच मोजक्या, आणि तुमच्या शंकेत जोर राहत नाही. बऱ्यापैकी मोठी असेल तर धातूंचा फरक नाहीसा होतो, आणि माझ्याकडे तिला ओळखायचं साधनच उरत नाही.